बाईंच्या गिटारची तबली

ती फळी मी बांधली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं सरळ सांगता येईल.

बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. मी पुण्यात एका मांडववाल्याकडे सुतार म्हणून कामाला होतो. गाव माले, मुळशी तालुक्यातलं, पौडच्या पुढं. गावचं सुतारकाम आबा, म्हणजे माझे वडील, बघायचे. नांगर, गाड्यांची चाकं, दाराच्या चौकटी, पाळणे. एका गावात दोन सुतारांना पुरेल इतकं काम नव्हतं म्हणून मी पुण्याला आलो होतो. वय सव्वीस. हातात कसब होतं, आणि ते आहे हे मला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या थंडीत पुण्यातल्या गिटारप्रेमी मंडळींनी दोन दिवसांचं गिटार संमेलन भरवलं, शनिवार आणि रविवार. एका शाळेचं सभागृह घेतलं होतं. गिटार म्हणजे हल्लीची पोरं छातीशी धरून वाजवतात ती नव्हे. तेव्हा गिटार मांडीवर आडवी ठेवत. डाव्या हातात पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवून तारा छेडायच्या. सूर गळ्यातून निघाल्यासारखा लांबायचा, वळायचा. रेडिओवर रोज ऐकून लोक वेडे झाले होते. कॉलेजातली मुलं, बँकेतले कारकून, डॉक्टर, सगळ्यांनाच गिटार शिकायची होती.

आमच्या मालकाकडे संमेलनाचं स्टेज होतं. मंच दीड हात उचलून घ्यायचा, दोन्ही बाजूंना पडद्याच्या विंगा उभ्या करायच्या, आणि स्टेजमागच्या वर्गात वाद्यं ठेवायची सोय करायची. हे सगळं माझ्याकडे होतं. संमेलनाचे चिटणीस एका कचेरीत हेडक्लार्क होते. अंगानं किरकोळ, सदा घाईत, हातात यादी. कोण कितीला वाजवणार, तबल्याला कोण, चहा कुठल्या मध्यंतराला, सगळं त्या यादीत. ते शनिवारी सकाळी वर्गात आले, भिंतीला उभ्या केलेल्या जाडजूड फळ्यांकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, या फळ्या दोरीनं बांधून ठेवा. इथं वाद्यं येणार आहेत."

मी म्हणालो, "साहेब, पाच वर्षं फळ्या उभ्या करतोय. त्या कुठं जात नाहीत."

ते यादीत डोकं घालून निघून गेले.

दहाच्या सुमाराला मुंबईच्या बाई आल्या. दोन दिवसांच्या यादीत बाईमाणूस त्या एकट्याच, आणि रविवारी संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम त्यांचाच. म्हणजे मान मोठा. वय चाळीसच्या आसपास, सुती पातळ, जाड चष्मा. मुंबईत एका शाळेत गायन शिकवायच्या. त्यांनी पेटीतून गिटार काढली, प्रवासात काही झालं नाही ना ते बघितलं, वर्गातल्या टेबलावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेल्या. मी त्याच वेळी स्टेजच्या पायरीला लागणारी एक फळी त्या उभ्या फळ्यांमधून ओढून नेली. टेबलावर काय आहे ते मी पाहिलंसुद्धा. फळी सभागृहात नेऊन ठेवतोय तोवर मागून आवाज आला. लाकडावर लाकूड पडल्याचा आवाज मला झोपेतही कळेल. पण त्याच्या पाठोपाठ सगळ्या तारा एकदम ओरडल्या, तसं काही मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मी धावत गेलो. फळी टेबलावर आडवी पडली होती. दारात चहावाला किटली घेऊन उभा, तोंड उघडं. चिटणीस माझ्यामागून आले, त्यांनी थेट चहावाल्याचा दंड धरला.

"धक्का दिलास! आंधळा आहेस का?"

"नाय साहेब, मी आत पाऊल बी टाकलं नव्हतं..."

फळी पडताना कुणीच पाहिली नव्हती. मी गप्प बसलो असतो तर ते त्याच्याच माथी बसलं असतं, आणि मालकालाही कधी कळलं नसतं. मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार करायला वेळच नव्हता. मी म्हणालो, "त्याला सोडा. फळी माझी आहे. तुम्ही बांधायला सांगितली होती, मी बांधली नाही. मधली ओढून नेली, पुढची घसरली."

बाई दारात येऊन उभ्या होत्या. हात ओलेच. त्यांनी माझं बोलणं सगळं ऐकलं होतं. त्या टेबलाजवळ गेल्या, फळी मी उचलली, आणि आम्ही दोघांनी गिटारकडे पाहिलं.

गिटारच्या पोटावरची जी पातळ फळी असते, जिच्यावर सगळा आवाज तोललेला असतो, तिला तबली म्हणतात. तिला दोन चिरा गेल्या होत्या, वीतभर लांब. तारा ज्यावर टेकतात ती घोडी मुळापासून उखडली होती आणि जाताना तबलीची एक कपची घेऊन गेली होती. बाईंनी गिटार हळूच हलवली तर आत काहीतरी खडखडलं. आधाराची आतली पट्टी सुटली होती.

चिटणीसांनी ओळखीच्या एका वाद्यदुकानदाराला बोलावून आणलं. त्यानं पाहिलं आणि मान हलवली. "मिरजेला पाठवावी लागेल. महिना धरा." दुसऱ्या एका वादकानं आपली गिटार देऊ केली. बाईंनी त्याचे आभार मानले आणि चिटणीसांना म्हणाल्या, "दुसऱ्याच्या चपला घालून चालता येतं. धावता येत नाही."

तेव्हा मी बोललो. "मी जोडून देतो. उद्या दुपारपर्यंत."

"तू?" चिटणीस ओरडलेच. "अरे, तूच तर मोडलीस!"

"म्हणूनच म्हणतोय."

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. शाळेत मुलाची परीक्षा घ्यावी तसं त्यांनी विचारलं, "याआधी गिटार उघडली आहे तुम्ही?"

"नाही."

"सतार? तंबोरा?"

"नाही. गावच्या भजनातली वीणा एकदा दुरुस्त केली होती."

"मग कशाच्या जोरावर सांगता?"

"लाकूड आहे, बाई. कुठं फाटलंय ते मला दिसतंय. फाटलेलं परत कसं बसतं ते मला येतं. पण इथं नाही होणार. माझी बारीक हत्यारं गावाकडं आहेत, सरस तिथं आहे, आणि माझे वडील तिथं आहेत. आत्ता गाडी धरली तर उजेड आहे तोवर पोचतो."

सरस म्हणजे चामड्या-हाडांचा डिंक. भिजवून, गरम करून लावतात. तो वाळला की लाकूड दुसरीकडे फाटेल पण जोड सुटणार नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेटी उघडून गिटार आत ठेवली, उखडलेली घोडी आणि टेबलावरच्या बारीक कपच्या वेचून रुमालात बांधल्या.

"चला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? तुम्ही कुठं?" चिटणीस म्हणाले.

"गिटार जिथं, तिथं मी."

मुळशीकडे जाणारी एस.टी. भरलेली होती. बाईंना खिडकीजवळ जागा मिळाली. पेटी वर टपावर ठेवा म्हणून कंडक्टरनं सांगितलं तेव्हा त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय हाय गं बाय यात?" बाई म्हणाल्या, "आजारी आहे." म्हातारीनं पुढं काही विचारलं नाही, पण माले येईपर्यंत पदराचं टोक तोंडाशी धरून त्या पेटीकडे बघत बसली. मी मागं उभा होतो. त्या दिवसात पहिल्यांदाच मला हसू आलं.

आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, घरी आई आणि आबा. आईनं बाईंना गूळ-पाणी दिलं. आबा पडवीत गाडीच्या चाकाचा आरा तासत होते. त्यांनी तासणी बाजूला ठेवली, गिटार मांडीवर घेतली आणि बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवून बघितली, कान लावून. सगळ्या बाजूंनी ऐकून झाल्यावर विचारलं, "मोडली कुनी?"

"मी."

"कशानं?"

"फळी पडली."

"बांदली न्हवतीस."

"न्हाई."

त्यांनी गिटार माझ्यापुढं ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी कामाला बसलो. आधी तारा काढल्या. घोडीखालचा जुना वाळलेला डिंक पटाशीच्या टोकानं खरवडला, लाकडाला धक्का न लावता. बाईंच्या रुमालातल्या कपच्या एकेक करून जागेवर लावून बघितल्या. एकसुद्धा हरवली नव्हती. हे सगळं छान चाललं होतं. मग आतल्या पट्टीची वेळ आली आणि मी अडलो. गिटारच्या पोटाला मध्ये गोल भोक असतं, त्यातून माझा हात मनगटापर्यंत जाई, पण मग आत काय आहे ते दिसेना. पट्टी बोटांना लागायची, पण तिला वर दाबून धरायचं कसं? बाहेरून शिकंजा लावावा तर लाकूड इतकं पातळ की चुरा होईल. मी दोनदा हात घातला, दोनदा काढला. तिसऱ्यांदा घातला तो अडकला. आबा हसले.

"भोकात हात घालून बसलाय माकडावानी," ते म्हणाले. "आरं, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतुयास आन् ह्या खोक्याला भितुयास?"

"भीत न्हाई. दिसत न्हाई."

"मंग उजेड घी की."

आईचा कुंकू लावायचा आरसा होता, तळहाताएवढा. आबांनी तो मागवून घेतला. बाई आपणहून पुढं आल्या. "मी धरते," म्हणाल्या. त्या अंगणात उन्हात जाऊन बसल्या, आरशात ऊन पकडलं आणि ते कवडशाच्या रूपानं बरोबर भोकातून आत टाकलं. गिटारचं पोट आतून उजळलं. पट्ट्या, जुन्या रंध्याच्या खुणा, कोण्या कारागिराचं पेन्सिलीनं लिहिलेलं काहीतरी, सगळं दिसलं. बाई म्हणाल्या, "वीस वर्षं वाजवतेय. आत काय आहे हे आज बघतेय."

दिसलं तर खरं, पण दाबायचं कसं हा प्रश्न होताच. आबांनी तोही सोडवला. त्यांनी बांबूची एक कामटी घेतली, बोटाएवढी रुंद, तासून पातळ केली, आणि आतल्या उंचीपेक्षा गव्हाभर जास्त लांब तोडली. ती वाकवून आत घातली की सरळ व्हायला बघणार, आणि सरळ होता होता पट्टीला खालून तबलीवर दाबून धरणार. शिकंजा नको, खिळा नको, फक्त बांबूची ताठ होण्याची खोड. बाहेरून घोडीसाठीही तेच. गिटार जमिनीवर पोत्यावर ठेवायची, घोडीवर लाकडाचा ठोकळा, आणि ठोकळ्यापासून वर पडवीच्या तुळईपर्यंत चार लांब कामट्या वाकवून बसवायच्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. हे त्यांना कुणी शिकवलं होतं? विचारलं तर म्हणाले, "कुनी न्हाई. आत्ता सुचलं."

सरस तयार होता. थंडीचे दिवस, लावला की थिजणार. म्हणून आबांनी शेगडीतले निखारे पत्र्यावर पसरून तबलीला लांबून ऊब दिली. "घाई कर," मला म्हणाले, "पर गडबड करू नगंस." मी बोटानं सरस चिरांत जिरवला, एका हातानं चीर जराशी हलवत, म्हणजे आतपर्यंत जाईल. आतून चिरांवर आडवे बारीक तुकडे चिकटवले. पट्टीला लावला, कामटी आत बसवली. घोडी बसवली, कपच्या बसवल्या, ठोकळा ठेवला, तुळईला कामट्या लावल्या. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्यानं पुसला. सगळं मिळून चहाचं आधण यायला लागतो तेवढा वेळ लागला असेल. उठलो तेव्हा सदरा घामानं भिजला होता. बाहेर तर अंगावर काटा येईल इतकी थंडी.

आता फक्त वाट बघायची. बाई आईबरोबर चुलीशी बसल्या. हुलग्याचं पिठलं आणि आंबेमोहराचा भात त्यांनी मागून घेऊन खाल्ला. आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती, चिमणीच्या उजेडात जेवणं चालली होती. आबांनी बाईंना विचारलं, "मुंबैला तुमच्याकडं इजेचे दिवे आसतील न्हवं?"

"हो, आहेत की."

"ती ईज आमच्या हितल्या धरनाच्या पान्यावर तयार व्हतीया. माझ्या आईचं गाव त्या पान्याखाली हाय." आबांनी हे तक्रारीच्या सुरात नाही, ओळख सांगावी तसं सांगितलं. बाईंचा घास हातात राहिला. त्या म्हणाल्या, "मला हे माहीत नव्हतं."

"आता म्हाईत झालं," आबा म्हणाले आणि त्यांना आणखी भात वाढायला आईला खूण केली.

सकाळी मी उठल्या उठल्या कामट्या काढायला निघालो तर आबांनी हात धरला. ऊन पडवीच्या उंबऱ्यापर्यंत येऊ दे, म्हणाले. बाई अंघोळ करून, पदर खोचून, ओट्यावर बसून राहिल्या. शेवटी ऊन आलं. मी एकेक कामटी काढली, ठोकळा उचलला. घोडी जागेवर होती. अंगठ्यानं रेटून बघितली, हलली नाही. आतली कामटी चिमट्यानं ओढून काढली. गिटार हलवली, आत काही वाजलं नाही.

बाईंनी नव्या तारा चढवल्या. मी खुंट्या पिळायला मदत केली. त्यांनी सगळ्या तारा नेहमीपेक्षा एक सूर खाली लावल्या, म्हणजे जोडावर ओढ कमी येईल. मग बोटांत नख्या चढवल्या, कांडी हातात घेतली आणि तीनच सूर वाजवले. थांबल्या. पुन्हा तेच तीन वाजवले. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. आई दारातून म्हणाली, "अगं बया, ह्ये वाजतंय का कुनी गातंय?"

बाईंना हसू फुटलं. मग त्या बराच वेळ वाजवत बसल्या. शेजारपाजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. एका धनगर म्हाताऱ्यानं शेरडं रस्त्यातच उभी केली. वाजवून झाल्यावर आबांनी फक्त एवढंच विचारलं, "जोड वाजतुया का कुटं?"

"नाही."

"मंग झालं." आणि ते आपल्या चाकाकडे वळले.

दुपारच्या गाडीनं आम्ही पुण्याला पोचलो तेव्हा चिटणीस शाळेच्या फाटकातच उभे होते. त्यांनी बाईंसाठी दुसरी गिटार आणून ठेवली होती, शिवाय बाई आल्याच नाहीत तर कोण वाजवणार तेही यादीत लिहून ठेवलं होतं. बाईंनी त्यांना पेटी उघडून दाखवली. त्यांनी वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वाजल्याशिवाय मी काही बोलणार नाही." त्यांचंही बरोबर होतं.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. खिडक्यांच्या कठड्यावर माणसं बसली होती. बाई स्टेजवर गेल्या, मी डावीकडच्या विंगेत उभा राहिलो. पहिलीच चीज सुरू झाली आणि थोड्याच वेळात मला ते ऐकू आलं. एका ठराविक सुरावर बारीक झणझण. माइकमधून ती सगळ्यांना ऐकू जात होती. पुढच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याच्या कानाशी लागलं. बाईंनी वाजवता वाजवता घोडीकडे नजर टाकली, मग विंगेकडे, माझ्याकडे. जोड सुटतोय असंच त्यांना वाटलं.

"गेलं," चिटणीस माझ्या शेजारी पुटपुटले. "मी सांगत होतो."

मी डोळे मिटून ऐकलं. सुटलेल्या जोडाचा आवाज मी शंभरदा ऐकला आहे. तो भद्द येतो, फुटक्या मडक्यासारखा, आणि सगळ्याच सुरांवर येतो. हा आवाज लोखंडाचा होता, एकाच सुरावर उठत होता, आणि घोडीकडून नाही, दुसऱ्या टोकाकडून येत होता. सकाळच्या गडबडीत आम्ही तारांची उरलेली टोकं कापली नव्हती. प्रवासात पेटीत दबून खुंट्यांपाशी दोन टोकं एकमेकांना लागत होती.

चीज संपली. टाळ्या पडल्या, पण त्या जरा बिचकतच. मी खिशातून पक्कड काढली आणि स्टेजवर गेलो. चिटणीसांनी मागून माझा सदरा धरला होता असं मला नंतर कुणीतरी सांगितलं, मला ते जाणवलंही नाही. भरलेल्या सभागृहासमोर, मळक्या लेंग्यात, मी बाईंच्या पुढं गुडघ्यावर बसलो.

"जोड नाही," मी हळूच म्हणालो. "टोकं आहेत."

बाईंनी गिटारची मान माझ्याकडे केली. मी सहाही टोकं खुंटीलगत कापली, कात्रण मुठीत घेतलं. त्यांनी तो सूर वाजवला. स्वच्छ. पुन्हा वाजवला. लोक कुजबुजत होते, हा कोण, काय करतोय. बाई माइककडे झुकल्या.

"हे मिस्त्री," त्या म्हणाल्या. "ही गिटार काल सकाळी मोडली होती. यांनी आणि यांच्या वडिलांनी ती जोडली, म्हणून आज मी इथं बसले आहे."

आता लोक टाळ्या वाजवणार हे दिसत होतं. मला ते अर्धं खरं सोसवेना.

"मोडलीही मीच होती," मी म्हणालो.

माइक जवळच होता. सगळं सभागृह हसलं, बाईसुद्धा. मग जे टाळ्या वाजवायला लागले ते थांबेनात. मी उठून विंगेत आलो. चिटणीसांनी आपल्या हातातला चहाचा कप माझ्या हातात दिला.

बाईंनी त्यानंतर तासभर वाजवलं. मी सगळा वेळ घोडीकडे डोळे लावून होतो, त्यामुळे त्यांनी काय काय वाजवलं हे मला नीट सांगता येणार नाही. शेवटी शेवटी मात्र माझी नजर घोडीवरून हटली. आतली बारीक पट्टी, चिरांवरचे आडवे तुकडे, हे सगळं त्या आवाजात आहे, आणि तो आवाज भिंतीपर्यंत जातोय, खिडकीतल्या माणसांपर्यंत जातोय, हे मला एकदम जाणवलं. चाक गावाबाहेर जातं, चौकट घरात राहते. माझ्या हातचं काम असं हवेत गेलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

कार्यक्रमानंतर त्या मला म्हणाल्या, "आवाज बदललाय. नुसता तारा खाली लावल्यामुळं नाही, जरा खोल झालाय. मला आवडला की नाही ते अजून ठरवता येत नाही." मी म्हणालो, "ठरलं की कळवा." त्यांनी माल्याचा पत्ता लिहून घेतला.

सहा महिन्यांनी कार्ड आलं. मुंबईतल्या एका जाणत्या कारागिराला त्यांनी गिटार दाखवली होती. त्यानं आरसा घालून आत बघितलं आणि जोडांना हात लावायची गरज नाही म्हणून परत दिली. खाली एक ओळ होती: "आवाज आवडला असं ठरलं आहे. तुम्ही एक नवी का करत नाही?"

मी केली. फणसाचं लाकूड घेतलं, माल्यातच, सुट्टीच्या दिवसांत. अभिमानानं मुंबईला पाठवली. उत्तर आठवड्यात आलं. "दार चांगलं झालं असतं," त्यांनी लिहिलं होतं. तबली फार जाड ठेवली होती मी, मोडू नये म्हणून. राग आला, दोन दिवस राहिला. मग मी त्यांच्याकडे एखादी भंगारातली गिटार मागितली. त्यांनी मोडकी जुनी एक पार्सलनं धाडली. आबांनी आणि मी ती पडवीत पूर्ण उकलून बघितली, एकेक पट्टी मोजली. दुसरी गिटार करताना तबली आबांनी रंधली. रंधा मारायचे आणि ती उजेडात धरून बघायचे, पुन्हा मारायचे. मी म्हणायचो बास, ते म्हणायचे न्हाई. ती गिटार मी स्वतः मुंबईला घेऊन गेलो. बाईंनी ती मांडीवर घेतली, वाजवली, आणि म्हणाल्या, "ही वाजते."

पुढच्या संमेलनात वाद्यांची खोली चिटणीसांनी माझ्या ताब्यात दिली, आणि त्यानंतर दर वर्षी. मांडववाल्याचं काम मी तिसऱ्या वर्षी सोडलं. मालक म्हणाला, "खुळा आहेस, माल्याच्या रानात गिटारी कोण घेणार?" मी म्हणालो, "बघू."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आला तो एक कॉलेजातला प्रोफेसर. पुण्याहून सायकलवर, पौडमार्गे, उन्हाळ्यात. अंगणात सायकल टेकवून तो आधी तांब्याभर पाणी प्यायला, आईनं दिलेली भाकरी खाल्ली आणि ओट्यावरच झोपला. उठल्यावर पडवीत येऊन उभ्या करून ठेवलेल्या तबल्या एकेक करून बोटानं वाजवून बघितल्या. त्याचा कान तयार होता. चौथी तबली त्यानं दोनदा वाजवली.

"मला या तबलीची गिटार हवी," तो म्हणाला. "दोन महिन्यांत मिळेल?"

"चार," मी म्हणालो.

"तीन?"

"चार लागतील."

त्यानं आबांकडे बघितलं. आबा आरा तासत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "त्यो सांगतुया तेवढंच लागंल."

प्रोफेसरानं मान डोलावली, चार महिन्यांनी येतो म्हणून सांगितलं, सायकल काढली आणि पौडकडे निघाला.